काळ्यावर पांढरे, बेजवर काळे : एका गाडीच्या अंतर्भागातील ओरखड्यांचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण कोथरूडमधील आमच्याच सोसायटीतील एका गाडीचे आहे. गाडी २०१९ सालची सेडान असून तिच्या अंतर्भागाचा वरचा अर्धा भाग काळा आणि खालचा बेज आहे. मालकीणबाई शाळेत शिक्षिका आहेत. सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचे सांधे बदलल्यानंतर त्यांना सात महिने आठवड्यातून तीन वेळा एरंडवण्यात फिजिओथेरपीसाठी न्यावे लागत होते, आणि त्या सगळ्या फेऱ्यांत अ‍ॅल्युमिनियमचा घडीचा वॉकर पुढच्या डाव्या दरवाज्यातूनच आत-बाहेर होत असे. सोसायटीचे पार्किंग इतके चिंचोळे आहे की दरवाजा जेमतेम निम्मा उघडतो. सासूबाई त्या फटीत वॉकर उभा करीत आणि त्याच्यावर भार देऊन उठत. पुढे त्या काठीवर चालू लागल्या, वॉकर माळ्यावर गेला, आणि मग कुठे घरच्यांना त्या दरवाज्याकडे नीट पाहण्याची सवड झाली.

भोसरीतील प्लास्टिक मोल्डिंगच्या कारखान्यात गाड्यांच्या अंतर्भागाचे सुटे भाग तपासण्यात माझी सगळी नोकरी झाली, हे सोसायटीत सर्वांना ठाऊक आहे. त्यामुळे गेल्या एप्रिलमध्ये मालकीणबाई एका सकाळी किल्ली घेऊनच दारात आल्या. "काका, हे ओरखडे निघतील का?" एवढाच त्यांचा प्रश्न होता. त्याचे उत्तर हो किंवा नाही असे एका शब्दात देता आले नाही, याचे कारण असे की त्या दरवाज्यावर आणि शेजारच्या डॅशबोर्डवर मिळून ज्यांना त्या ओरखडे म्हणत होत्या, त्या मुळात पाच वेगवेगळ्या गोष्टी होत्या, आणि सहावी गोष्ट आधीच्या उपायाने निर्माण झालेली होती.

तो आधीचा उपाय प्रथम सांगितला पाहिजे. माझ्याकडे येण्याच्या तीन आठवडे आधी त्यांनी गाडी एका अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात दाखवली होती. तिथल्या मुलाने डोअर पॅडच्या, म्हणजे दरवाज्याच्या आतल्या प्लास्टिकच्या आवरणाच्या, काळ्या भागावर गरम हवा फेकणारी हीट गन फिरवली, नंतर डॅशबोर्डसह सगळ्या प्लास्टिकवर चकाकणारे पॉलिश चोळले आणि गाडी परत दिली. त्या संध्याकाळी ओरखडे जवळजवळ दिसत नव्हते. आठ-दहा दिवसांत ते सगळे परतले, आणि त्यांच्या जोडीला तळहाताएवढा एक गुळगुळीत, चकचकीत डाग कायमचा उमटून राहिला. शिवाय भर दुपारी कर्वे रस्त्याने जाताना डॅशबोर्डचे प्रतिबिंब पुढच्या काचेवर पडून समोरचे दिसेनासे होऊ लागले, ही तक्रार वेगळीच.

पॉलिशने ओरखडा लपतो आणि मग परत येतो, यात जादू नाही. गाडीतले काळे प्लास्टिक काळे दिसते ते त्याचा पृष्ठभाग अखंड असतो तोवर. टोकदार वस्तू त्याच्यावरून घसरली की पृष्ठभाग ताणला जातो, त्यात अतिसूक्ष्म भेगा आणि पोकळ्या पडतात, त्यांत हवा शिरते, आणि प्रकाश सरळ आत न जाता तिथे विखुरतो. तीच ती पांढरी रेघ. या पोकळ्या एखाद्या द्रवाने भरल्या की विखुरणे कमी होते. द्रवाचा अपवर्तनांक (त्यात शिरताना प्रकाश किती वळतो त्याचे माप) प्लास्टिकच्या जितका जवळ, तितकी रेघ अधिक बुजते. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, सिलिकॉन तेलाचा सुमारे १.४०, खोबरेल तेलाचा सुमारे १.४५ आणि या प्लास्टिकचा सुमारे १.४९ आहे, म्हणून पाण्याने रेघ फिकी होते आणि तेलाने जवळपास दिसेनाशी होते. डॅशबोर्डला खोबरेल तेल लावण्याचा घरगुती सल्ला पहिल्या दिवशी खरा वाटतो तो याच कारणाने. पुढे तेल पसरते, पुसले जाते, धूळ धरते आणि काही दिवसांनी त्याला खवट वासही येऊ लागतो. रेघ मात्र होती तिथेच असते.

याच गुणधर्माचा उपयोग मी निदानासाठी करतो. त्याआधी पॉलिशचा थर काढणे भाग होते, कारण त्याच्याखाली काय आहे हे कळल्याशिवाय पुढचे काहीच ठरवता येत नव्हते. कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे काही थेंब टाकून, मऊ ब्रशने ग्रेनच्या, म्हणजे प्लास्टिकवर उमटवलेल्या बारीक खडबडीत नक्षीच्या, खाचांतून फेस फिरवून आणि मायक्रोफायबर कापडाने टिपून, असे चार वेळा केले. चौथ्या वेळी कापडावर तेलकटपणा येईनासा झाला. सिलिकॉन असलेल्या पृष्ठभागावर कोणताही रंग, भराव वा चिकट पट्टी धरत नाही, त्यामुळे हे काम टाळून पुढे जाता येत नाही.

स्वच्छ झालेल्या दरवाज्याकडे पाहिल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी की बेज भागावरच्या रेघा काळ्या होत्या आणि काळ्या भागावरच्या पांढऱ्या. मालकीणबाईंच्या मते खालच्या काळ्या रेघा सर्वांत खोल आणि म्हणून सर्वांत वाईट होत्या. प्रत्यक्षात त्या सर्वांत निरुपद्रवी निघाल्या. वॉकरच्या पायांना घसरू नये म्हणून रबरी टोप्या असतात. वॉकर उचलून आत-बाहेर करताना या टोप्या डोअर पॅडच्या खालच्या भागावर घासल्या आणि रबर तिथे चिकटून राहिले. म्हणजे प्लास्टिकमधून काही गेले नव्हते, उलट त्याच्यावर काहीतरी आले होते. नख आडवे फिरवले तर नख अडकत नव्हते, अगदी किंचित उंचवटा लागत होता. शाळकरी मुलांचे पांढरे खोडरबर हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवल्यावर बहुतेक रेघा निघाल्या. राहिलेल्या दोन-तीन जागी आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडाला लावून टिपावे लागले, तेही आधी पॅडच्या खालच्या, न दिसणाऱ्या कडेवर लावून रंग उतरत नाही ना याची खात्री करून. वीस मिनिटांत निम्मी तक्रार संपली. दुकानात पॉलिशऐवजी खोडरबर हाती घेतले असते तरी एवढे झाले असते.

इथे एक सावधगिरी सांगतो. भिंतीवरचे डाग घालवायला मिळणारा पांढरा स्पंज अशा वेळी पुष्कळांना आठवतो. तो मेलामाइनचा असतो आणि त्याचे काम मुळात घासून झिजवण्याचे आहे. रबराचा डाग तो नक्की काढतो, पण त्याबरोबर ग्रेनच्या उंचवट्यांची टोकेही घासून चपटी करतो, आणि मग त्या जागेला जी चमक येते ती काढता येत नाही.

आता काळा भाग. त्याचा विचार करण्यापूर्वी प्लास्टिक कोणते आहे हे पाहणे आवश्यक होते, म्हणून हँडलमागचे स्क्रू काढून आणि कडेच्या क्लिपा सोडवून डोअर पॅड बाहेर घेतले. अंतर्भागाच्या बहुतेक मोठ्या सुट्या भागांच्या पाठीमागे पदार्थाची खूण साच्यातूनच उमटवलेली असते. आयएसओ ११४६९ या मानकाप्रमाणे ती दोन कोनी कंसांच्या मध्ये लिहितात. या पॅडवर पीपी, ईपीडीएम आणि टीडी २० अशी अक्षरे होती. म्हणजे पाया पॉलिप्रॉपिलीनचा, आघात सोसावा म्हणून त्यात मिसळलेले ईपीडीएम रबर, आणि ताठपणा यावा म्हणून २० टक्के शंखजिरे, ज्याला कारखान्यात टाल्क म्हणतात. गाडीच्या जाहिरातीत त्याला काहीही म्हणोत, पुण्याच्या रस्त्यांवरील बऱ्याच गाड्यांची डोअर पॅड, ग्लोव्ह बॉक्स आणि डिकीचे आवरण याच कुटुंबातील प्लास्टिकचे असते. ते स्वस्त आणि हलके असते, उन्हात टिकते; मात्र ओरखड्याच्या बाबतीत हळवे असते. शंखजिरे हे खनिजांतले सर्वांत मऊ, नखानेही चरा पडणारे. ताण बसला की त्याचे कण प्लास्टिकपासून सुटतात, प्रत्येक सुटलेल्या कणाभोवती पोकळी तयार होते, आणि वर सांगितलेला पांढरेपणा इथे दुपटीने उठून दिसतो. हे उत्पादकांना माहीत नसते असे नाही. १ मिलिमीटर गोलाईच्या टोकाने १० न्यूटन भार देऊन नमुन्यावर जाळी ओढायची आणि रंगाचा उजळपणा किती वाढला ते उपकरणाने मोजायचे, ही चाचणी आम्ही दर लॉटवर करीत असू. नमुना चाचणीत उतरावा म्हणून मिश्रणात घसरण वाढवणारी द्रव्येही घालतात. पण स्टीलचे बटण आणि त्यावर साठ किलोंचा भार अशी परीक्षा कोणत्याही मानकात नाही.

कारण पांढऱ्या रेघा त्या बटणांच्याच होत्या. वॉकरच्या पायांची उंची कमी-जास्त करण्यासाठी नळीतून बाहेर डोकावणारी स्टीलची बटणे असतात. सासूबाई भार देत तेव्हा वॉकर थोडा कलून त्या बटणांचा दाब पॅडवर येई. ओले बोट फिरवताच बहुतेक रेघा नाहीशा झाल्या आणि वाळताच परतल्या. अशी रेघ म्हणजे पृष्ठभाग दबलेला वा ताणलेला आहे, पदार्थ फारसा गेलेला नाही. दोन जागी मात्र ओले करूनही खाच दिसत राहिली आणि नखही अडकले. तिथे प्लास्टिक खरवडून निघाले होते. ही दुसरी आणि तिसरी जात, आणि दोघींचे भवितव्य वेगळे.

दबलेल्या जागेवर उष्णतेचा उपयोग होतो, हे त्या दुकानातील मुलाचे मूळ ज्ञान चुकीचे नव्हते. प्लास्टिकमध्ये अडकून राहिलेला ताण ऊब मिळताच सैल होतो, दबलेला भाग थोडा वर येतो आणि सूक्ष्म पोकळ्या मिटतात. त्याची चूक मोजमापाची होती. पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६० ते १६५ अंश सेल्सिअसला वितळते, आणि हीट गनच्या तोंडाशी हवा ५०० अंशांपर्यंत तापलेली असते. हात एका जागी दोन-तीन सेकंद जास्त थबकला की ग्रेनचे उंचवटे वितळून बसतात. एकदा बसलेले उंचवटे पुन्हा उभे राहत नाहीत. तो चकचकीत डाग म्हणजे हेच.

मालकीणबाईंच्या दरवाज्यावर प्रयोग करण्याची माझी तयारी नव्हती. रविवारी जुन्या बाजारात जाऊन वेगळ्याच गाडीचे, पण पाठीमागे तीच खूण असलेले फुटके डोअर पॅड घेऊन आलो. त्यावर वॉकरच्याच बटणाने मुद्दाम रेघा ओढल्या. अवरक्त तापमापकाने पृष्ठभागाचे तापमान पाहत, हीट गन वीतभर अंतरावर सतत हलती ठेवून, थोडे थोडे तापवत गेलो. ८० अंशांपर्यंत काहीच फरक पडला नाही. १०० ते ११० अंशांच्या दरम्यान उथळ रेघा स्पष्टपणे फिक्या झाल्या. १४० च्या पुढे ग्रेनची टोके चमकू लागली. म्हणजे कामाची पट्टी जेमतेम तीस अंशांची, आणि ती डोळ्यांनी ओळखता येत नाही. चमक दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. हे तापमान काळ्या प्लास्टिकसाठी फार नाही, असेही ध्यानात ठेवावे. एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांच्या आसपास जातोच. म्हणूनच हे काम उन्हात तापलेल्या गाडीत करू नये, सकाळी सावलीत करावे. नाहीतर सुरुवातच निम्म्या वाटेवरून होते.

दरवाज्यावर मी ११० अंशांना थांबलो. प्रत्येक रेघेला दोन फेऱ्या दिल्या आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये पूर्ण थंड होऊ दिले. चौदा रेघांपैकी नऊ हातभर अंतरावरून दिसेनाशा झाल्या, तीन फिक्या झाल्या, आणि खरवडलेल्या दोघींवर काहीच परिणाम झाला नाही. होणारही नव्हता, कारण जो पदार्थ तिथे नाहीच तो उष्णतेने कुठून येणार? त्या दोन जागी कडेला उठलेली प्लास्टिकची पिसे तेवढी नव्या ब्लेडने, पाते आडवे धरून कापून टाकली. खाचेपेक्षा प्रकाश पकडतात ती हीच पिसे, त्यामुळे एवढ्यानेही बराच फरक पडला.

खाचा भरून वरून रंग द्यावा, असा मालकीणबाईंच्या यजमानांचा आग्रह होता. तो मी मोडून काढला, आणि त्याचे कारण पॉलिप्रॉपिलीनच्या स्वभावात आहे. त्याची पृष्ठऊर्जा, म्हणजे द्रवाला धरून ठेवण्याची पृष्ठभागाची ओढ, सुमारे ३० मिलिन्यूटन प्रति मीटर एवढीच असते. पाणी त्याच्यावर पसरत नाही, थेंब होऊन राहते, आणि जे पाण्याचे तेच बहुतेक गोंद, पुट्टी आणि रंगांचे. कारखान्यात याच पदार्थाचे बंपर रंगवतात तेव्हा आधी त्यावरून ज्योत फिरवतात किंवा क्लोरीनयुक्त पॉलिओलेफिनचा प्रायमर देतात. हे न करता भरलेली पुट्टी दरवाजा शंभरदा आपटला की पापुद्र्यासारखी सुटते. हे सगळे करून भरलीच, तरी मूळ ग्रेन आणि मूळ मंद झाक जुळवणे हे खरे अवघड काम. तपासणीच्या टेबलावर आम्ही रंगापेक्षा चमकेवरच जास्त माल नाकारत असू, कारण शेजारशेजारच्या दोन भागांच्या रंगातला थोडा फरक डोळा खपवून घेतो, चमकेतला घेत नाही.

चकचकीत डागासाठी एक प्रयत्न करून पाहिला, तोही भंगारातल्या तुकड्यावरच. पॅडच्या चांगल्या भागावर सिलिकॉन रबर ओतून ग्रेनचा ठसा घेतला, मुद्दाम चमकवलेली जागा पुन्हा मऊ होईपर्यंत तापवली आणि तो ठसा दाबून धरला. नक्षी उमटली, अगदी सुरेख उमटली, पण ठशाची कड दिसत राहिली आणि पॅड त्या जागी किंचित वाकले. पाच प्रयत्नांत गाडीला लावण्याजोगा एकही निघाला नाही. ज्यांचा हात रोज या कामावर बसलेला आहे त्यांना हे जमत असेल. मला जमले नाही, म्हणून दरवाज्यावर केले नाही. तो डाग आजही तिथे आहे.

दरवाज्याच्या हँडलवर चौथी जात होती, तिची हकिकत छोटी आहे. तिथे कडक प्लास्टिकवर रबरासारखा मऊ लागणारा लेप दिलेला असतो. नखांनी वा अंगठीने तो खरवडला की खालचे गुळगुळीत प्लास्टिक उघडे पडते. गेलेला लेप घरी भरून येत नाही, अल्कोहोलने राहिलेलाही निघतो, आणि वर्षानुवर्षांच्या दमटपणाने तो पुढे चिकट होतो तो वेगळाच. ओल्या कापडाने पुसून सोडून दिले.

सर्वांत जास्त चर्चा झाली ती डॅशबोर्डवरच्या एका चिरेवर. डाव्या बाजूला, वरच्या मऊ भागावर, सुमारे चार सेंटिमीटर लांबीची चीर होती. बोटाने दाबल्यावर तिथे पृष्ठभाग आत जात होता, म्हणजे फोमवर ताणलेले पातळ आवरण होते आणि ते फाटले होते. अशा आवरणावर लवचीक भराव घालून, वर ग्रेनचा ठसा देऊन दुरुस्ती करण्याची पद्धत आहे, आणि आर्मरेस्टवर असती तर मी ती सुचवलीही असती. पण ही चीर होती प्रवाशाच्या एअरबॅगच्या झाकणावर. १ एप्रिल २०२१ पासून आपल्याकडे नव्या मॉडेल्समध्ये पुढच्या प्रवाशासाठी एअरबॅग सक्तीची झाली, आणि या गाडीत ती आधीपासूनच होती. अशा डॅशबोर्डवर झाकणाची रेघ वरून दिसत नाही. आवरणाच्या आतल्या बाजूने ते ठरलेल्या रेषेवर मुद्दाम कमकुवत केलेले असते, आणि धडकेच्या क्षणी काही मिलिसेकंदांत बॅग ते त्याच रेषेवर फाडून बाहेर येते. त्या जागेवर भराव, गोंद, चिकट व्हिनाइल किंवा उष्णता, यांपैकी काहीही लावले तर ते कुठे आणि कसे फाटेल याचा भरवसा राहत नाही. घट्ट झालेल्या भरावाचा तुकडा उडून चेहऱ्यावर येऊ शकतो.

यजमानांना हे पटायला वेळ लागला. "चार सेंटिमीटरच तर आहे," असे ते म्हणत होते. मी त्यांना त्याच झाकणावर दुतर्फी टेपने बसवलेली पितळी गणपतीची मूर्ती दाखवली आणि धडकेत ती कुठे जाईल ते विचारले. पुण्यात निम्म्या गाड्यांत गणपती नेमका तिथेच बसलेला असतो. मूर्ती त्याच दिवशी मध्यभागी, एअरबॅगपासून दूर असलेल्या कप्प्यात हलवली गेली. टेपचा राहिलेला गोंद मी साबणाच्या पाण्याने आणि बोटाने चोळूनच काढला; थिनर किंवा पेट्रोल जवळपासही आणले नाही. चीर वाढते आहे का हे दर महिन्याला पाहायचे आणि वाढली तर कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये डॅशबोर्डचा तो भाग बदलण्याविषयी विचारायचे, एवढे ठरले. पावसाळ्यानंतर पाहिले तेव्हा चीर होती तेवढीच होती.

गाडी आता हातभर अंतरावरून नीट दिसते. जवळ जाऊन पाहणाऱ्याला दोन खाचा, एक चकचकीत डाग आणि एक चीर दिसते. बेज भाग महिन्यातून एकदा साबणाच्या पाण्याने पुसला जातो आणि पॉलिशची बाटली घरातून गेली आहे.

वॉकर मात्र माळ्यावर फार दिवस राहिला नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचे खुब्याचे हाड मोडल्यावर मालकीणबाईंनी तो त्यांच्याकडे पोहोचवला. देण्यापूर्वी त्यांनी चारही पायांवर, बटणे झाकली जातील अशा उंचीपर्यंत, जुन्या उशांचे अभ्रे शिवून बसवले होते.